ओरिजनल कोणालाच देऊ नका, आणि गडचिरोलीला भिऊ नका

आज दुपारपासून डोकं फिरून राहिलंय, म्हणून लिहिते. पोस्ट मोठी आहे, घाई असेल त्यांनी पुढे जा.

माझी भाची. डीएलएड ही शिक्षकी पदविका झाली, टीईटी ही पात्रता परीक्षाही पास. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका चकचकीत सीबीएसई शाळेनं तिला ‘घेतलं’. म्हणजे आधी डेमोच्या नावाखाली आठवडाभर फुकटात तास घेऊन घेतले (कोणी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, हे तिला स्टाफरूममध्ये कळलं) आणि आज सांगितलं, सही 35 हजारांवर करायची, हातात 14 मिळतील. पहिले दोन पगार शाळेकडे जमा राहतील. दहावीपासूनचे सगळे ओरिजनल ऑफिसात ठेवायचे. पोरगी फाइल छातीशी धरून सरळ माझ्याकडे आली. “आत्या, ओरिजनल मागून राहिले.”

खरी गंमत पुढेच. याच आठवड्यात पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारी शिक्षक भरतीच्या यादीत तिचं नाव लागलंय. जिल्हा परिषद गडचिरोली, शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर. तिथल्या पडताळणीला हेच ओरिजनल लागतात. म्हणजे वर्धा रोडच्या कपाटात फाइल गेली की गडचिरोली संपली. शाळेला हे कळत नसेल का? चांगलं कळतं.

घरी मात्र एकच सूर. शिक्षणसेवकाला 16 हजार, इथे 14. दोन हजारांसाठी पोरीला जंगलात पाठवायचं का? इथे एसी बस आहे, इंग्रजी वातावरण आहे, स्थळं चांगली येतील. स्थळं! पोरगी शिक्षिका होऊन राहिली आणि यांना स्थळं दिसून राहिली.

मी स्वतः शिक्षणसेवक म्हणून लागले. ही योजना 2000 साली आली, त्यानंतरच्या सुरुवातीच्या खेपेतली मी. मानधन तीन हजार. शाळा नागपूर जिल्ह्यातल्याच देवलापारच्या आतल्या गावात, पोरं घरी गोंडी बोलणारी. हातच्याची वजाबाकी शिकवत होते. आमचे हेडमास्तर शेवटच्या टाटपट्टीवर पोरांमध्ये मांडी घालून बसले. तास संपल्यावर म्हणाले, “मॅडम, फळ्याशी छान बोलता तुम्ही.” मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी ते घरून तेंदूपानाचे दहा-दहा पानांचे पुडे घेऊन आले. एका पोट्ट्याजवळ दोन पुडे आणि तीन सुटी पानं दिली अन् म्हणाले, मला पाच पानं दे. पोट्ट्यानं एक क्षण विचार केला, पुड्याची दोरी सोडली आणि पानं मोजून दिली. “झाला ना हातचा?” बस्स. बीएडच्या कोणत्याही पाठ टाचणात हे नव्हतं.

आता सांगा, त्या वर्धा रोडच्या शाळेत हिच्या वर्गात मागे कोण बसणार? डेमोच्या वेळी प्रिन्सिपल मॅडम फोनवर होत्या. कॅमेरा आहे म्हणे वर्गात. कॅमेरा सांगणार आहे का, की पोरी, तू फळ्याशी बोलतेस?

पहिली नोकरी निवडताना मला एवढंच पाहावंसं वाटतं. तुझं शिकवणं कोणी बघणार आहे का, आणि सही करशील तेवढे पैसे हातात पडणार आहेत का. बिल्डिंग, बस, टाय, वार्षिक संमेलन, हे पालकांनी पाहावं. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत सरकारनं ठरवल्याप्रमाणे पगार द्या असं आहे, म्हणून तर सहीचा आकडा वेगळा अन् हातातला वेगळा. पहिल्याच महिन्यात खोटी सही करायला लावणारी शाळा पुढे काय काय लिहून घेईल?

बरं, गडचिरोली सोपी नाही, मान्य. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, दरवर्षीचं आहे. तालुका समुपदेशनात, म्हणजे बोलावून शाळा वाटतात तेव्हा ठरेल, काय पदरात पडेल सांगता येत नाही. आणि सगळ्या जि.प. शाळांत मला भेटले तसे हेडमास्तर भेटत नाहीत, काही ठिकाणी गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यातच संपून गेलेत. झालं समाधान?

पण तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते. वर्धा रोडवर तीन वर्षांनी काय लागतं? नवीन पोरगी.

एका काकांनी तर तिसराच रस्ता काढला. “अमुक लाख भरा, अनुदानित संस्थेत चिकटवून देतो.” याच नागपुरात 2025 मध्ये शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या बोगस सरकारी आयडींचं प्रकरण निघालं, अधिकारी आत गेले, आणि हा माणूस सोफ्यावर बसून पोहे खात रेट सांगतोय! मी बोलले त्यांना. वहिनीला वाईट वाटलं, पण बोलले.

पोरीवर मात्र राग नाही. या भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी 2017 ला झाली, मग थेट 2023, मग 2025. या गॅपमध्ये किती पोरापोरींची उमेद गेली. इथे नागपुरात बेसाच्या, मानेवाड्याच्या गल्लीगल्लीत पाच-सहा हजारांवर शिकवणाऱ्या पोरी आहेत, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू की निवडून घ्या? त्यांच्यापुढे निवड नाहीच. हिच्यापुढे आहे, म्हणूनच एवढा जीव जळतो. संध्याकाळी विचारलं, तुला स्वतःला काय वाटते? म्हणाली, “आत्या, तिथल्या पोट्ट्यांना माझी भाषा समजेल का?” पगाराचं नाही विचारलं तिनं, बसचं नाही. मी म्हटलं, नाही समजणार, सुरुवातीला. तुला त्यांची शिकावी लागेल.

दादा अजून फुगून बसलाय. फाइल सध्या माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. वर्धा रोडवाल्यांचा फोन आला तर मी उचलणार आहे. गडचिरोली, चामोर्शी, धानोरा, एटापल्ली, कुठेही जि.प.ला असलेल्या मैत्रिणींनो, भाड्याच्या खोलीचं अन् बसच्या वेळेचं इनबॉक्समध्ये सांगा. “ताई, आजकाल जमाना बदलला” वाल्यांनी आधी स्वतःच्या लेकीची पगाराची सही दाखवावी.