भिशीत पहिला नंबर कोणाला?

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. खानापूरकडचे, निपाणीकडचे, पुण्याला गेलेले, सगळे त्याखाली हात जोडतात. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी व्यवहार शब्दावर चालत, गावचा माणूस मुळातच मदतीला धावणारा, शहरात गेला की स्वार्थी होतो, आणि अडचणीला शेवटी आपल्या भाषेचाच माणूस उभा राहतो.

आधी शब्दाचं बघू. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जाची खतं जाळली. शब्दावर भागत होतं, तर जाळायला खतं आली कुठून? पुढे 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. आपल्या शेजारी कणगिनहाळला, तेव्हाच्या धारवाड आणि आताच्या गदग जिल्ह्यात, 1905 साली अशी पहिली संस्था निघाली. त्या कायद्यात खेड्यातल्या संस्थेला साधारणपणे अमर्यादित जबाबदारी होती. म्हणजे एकाने बुडवलं तर झळ बाकीच्यांना. मग कुणी बैल विकला, कोण कोर्टकज्ज्यात अडकलाय, यावर शेजारीच नजर ठेवणार. माणसं पक्की आहेत असं धरून हे रचलेलं नव्हतं, पक्की राहावीत म्हणून रचलेलं होतं.

भिशीचंही तेच. पहिल्यांदा रक्कम उचलणाऱ्याला पुढचे हप्ते चुकवायचा मोह सगळ्यात जास्त. म्हणून गल्लीत नवा भाडेकरू आला तर जाणती बाई त्याचा नंबर शेवटी लावते. त्याच्या स्वभावाबद्दल तिचं काही मत नसतं. त्याला इथून उठून जाणं किती सोपं आहे, एवढंच ती बघते.

आता गाव आणि शहर. रोपलावणीला आज मी तुझ्याकडे, परवा तू माझ्याकडे, हा पैरा चुकवला तर पुढच्या पावसात चिखलात एकटं उभं राहावं लागतं. सगळं गाव बघत असतं. तोच पोरगा पुण्यात शेजारच्या दाराची बेल वाजवत नाही, कारण अकरा महिन्यांनी खोली बदलायची असते. पोरगा तोच आहे. आणि ‘गाव’ तरी एकसारखं कुठे असतं? जगभरातल्या 15 लहान समाजांत अभ्यासकांनी समोरचा कोण हे कळू न देता त्याच्याशी पैसे वाटून घ्यायला लावले होते. पेरूच्या जंगलात आपापलं कुटुंब धरून राहणाऱ्या माचीग्वेंगांनी सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास देऊ केलं. इंडोनेशियात होडीभर माणसं मिळून देवमासा मारणाऱ्या लमालेराच्या लोकांनी निम्म्याहून जास्त. एकूणच बाजाराशी जास्त संबंध असलेले समाज जास्त उदार निघाले. शहरांचं म्हणाल, तर 40 देशांतल्या शहरांत काउंटरवरच्या माणसाला ‘सापडलेलं’ पाकीट देऊन तो ते मालकाला परत करतो का, हे पाहणारा अभ्यास 2019 साली आला. पैसे असलेली पाकिटं पैसे नसलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात परत आली.

शिवाय गावाच्या नजरेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू कुणी लिहीत नाही. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं की तीच नजर अख्ख्या घराचं पाणी तोडते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो काही उगीच नाही.

राहिली भाषा. हे वाक्य सीमाभागात टाळ्या घेतं, पण पैऱ्याला येतो तो बांधाला बांध असलेला, मग घरी तो कन्नड बोलो की मराठी. बेळगावात उधारी देताना दुकानदार मातृभाषा विचारत नाही, घर कुठल्या गल्लीत ते विचारतो. भाषेचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. मराठी माणसाने बुडवलं तर ते मराठी घरांत लवकर कळतं, मामाच्या गावापर्यंत पोचतं. पण ही बातमीची वाट झाली. रक्ताचा गुण नव्हे.

हा फॉरवर्ड सगळ्यात जास्त वेळा पाठवणारे आमचे काका भिशी चालवतात. मी विचारलं, ‘काका, वरच्या माळ्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, आपल्याच भाषेचं, खेड्यातलं. देताय का पहिला नंबर?’

‘खुळा हाईस काय?’