‘हौशी बाईं’कडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

तिसरीच्या वर्गाला काजवे कसे शिकवले, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण परवा प्रतिक्रिया लिहिलीत. ती चारच वाक्यांची आहे, म्हणून इतर वाचकांच्या सोयीसाठी जशीच्या तशी येथे उतरवते : “टॉर्च लुकलुकवून काजवा शिकवणे ही हौशी बाईंची करमणूक आहे, शिक्षण नव्हे. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जमिनीवर जाते, त्याविषयी तुमच्या चार तासिकांत एक शब्द नाही. ‘शंभर टक्के थंड प्रकाश’ हे विधान कालबाह्य आहे. मुलांना एकदा भंडारदऱ्याला न्या, सगळे आपोआप समजेल.”

खाली आपण नाव दिलेले नाही, ‘एक निवृत्त प्राध्यापक’ एवढेच लिहिले आहे, तेव्हा मी आपल्याला सर म्हणते. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. चारचौघांत लिहिले की चारचौघे बोलणार, एवढे मला समजते. तक्रार आहे ती ‘हौशी बाई’ या शब्दांबद्दल. हाच लेख एखाद्या पुरुष शिक्षकाने लिहिला असता तर आपण त्याला ‘उपक्रमशील’ म्हटले असते, असा माझा समज आहे, आणि २२ वर्षे प्राथमिक वर्गांवर काढल्यानंतर तो मी उगाच करून घेतलेला नाही. ‘करमणूक’ या शब्दाचेही तेच. आठ वर्षांचे मूल हसत शिकले तर ती करमणूक आणि जांभया देत बसले तर ते शिक्षण, हा हिशेब आपल्या महाविद्यालयात चालत असेल. तिसरीत पहिल्या दहा मिनिटांत तो अंगावर येतो.

आपल्या वाक्यात आणखी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे या बाईंनी काजवे टॉर्चमध्येच पाहिले असावेत. सर, मी अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात वाढले. मे महिना सरत आला आणि वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या की आमच्या घरामागच्या सादड्यावर आणि हिरड्यावर काजवे उतरत. अख्खे झाड एकदम उजळे आणि एकदम विझे. तो उजेड दिसला की आजी वडिलांना बियाण्याची कणगी उघडायला सांगे. आम्ही भावंडे आईच्या जुन्या पातळाच्या पदरात काजवे धरून घरात आणत असू आणि सकाळी ते मेलेले सापडत, हेही सांगून टाकते. शाळेत मात्र त्यांच्याविषयी एक ओळ कोणी शिकवली नाही. गुरुजींना ठाऊक असलेले काजवे म्हणजे कानाखाली बसल्यावर डोळ्यांपुढे चमकत, ते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, आपले ‘आपोआप समजेल’ हे वाक्य मी स्वतः जगून पाहिलेले आहे. वर्षानुवर्षे, दर उन्हाळ्यात, दारात हजारो काजवे असताना मला काहीही आपोआप समजले नाही. तो चमकणारा नर बहुधा मादीला खुणावत असतो, प्रत्येक जातीचा ठेका वेगळा असतो, झुडपात बसलेली मादी आपल्याच जातीचा ठेका ओळखून ठरावीक अंतराने उलट खूण देते, यांतले एक अक्षर मला बारावीपर्यंत ठाऊक नव्हते. काजवे हौसेने चमकतात असेच मला वाटत होते. हौशी म्हणायचेच तर तेव्हा म्हणायला हवे होते.

आता त्या टॉर्चविषयी. लेख आपण शेवटपर्यंत वाचला असता तर हा परिच्छेद मला पुन्हा लिहावा लागला नसता. वर्गाच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला होता. मुलांनी घरून आणलेल्या टॉर्चना पोपटी जिलेटीन कागद बांधला होता. दहा-दहा मुलांच्या गटात पाच नर फिरत आणि पाच माद्या जागेवर बसून राहत. प्रत्येकाला गुपचूप एक चिठ्ठी मिळे. कोणाचा ठेका दर दोन सेकंदांनी, कोणाचा दर चार सेकंदांनी, कोणाच्या दोन जलद खुणा आणि मग थांबणे. हे ठेके मी लहर म्हणून निवडलेले नाहीत. जपानच्या गेंजी काजव्याचा ठेका देशाच्या पश्चिम भागात सुमारे दोन सेकंदांचा आणि पूर्व भागात सुमारे चार सेकंदांचा असतो, आणि हे दोन्ही एकाच जातीचे काजवे आहेत. बोलायचे नाही, फक्त मोजायचे आणि जोडीदार शोधायचा. पहिल्या फेरीत पाचही जोड्या जमल्या.

दुसऱ्या फेरीत मी, कोणाला न सांगता, मध्येच वर्गातली ट्यूबलाइट लावली. खुणा सुरूच होत्या, पण कोणाला कोणाची दिसेना. दोन मुले चुकीच्या जोडीदारापाशी जाऊन उभी राहिली, एक मुलगी रडवेली झाली आणि मागून कोणीतरी ओरडले, “बाई, लाइट घालवा, ती मला हाक मारतेय आणि मला दिसत नाहीये!” प्रकाशप्रदूषण हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, आधी नाही. ही करमणूक असेल तर असो. काजवे कमी होण्यामागे अधिवास नष्ट होणे, कीटकनाशके आणि रात्रीचा कृत्रिम उजेड ही कारणे अभ्यासक देतात; त्यांतले तिसरे माझ्या ३८ मुलांना व्याख्येशिवाय समजले.

भंडारदऱ्याविषयी थोडक्यात सांगते, कारण हा सल्ला मला पुण्यातले सगळेच लोक देतात. काजव्यांचा बहर मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत असतो आणि त्या वेळी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. शिवाय त्या पंधरवड्यातल्या शनिवारी रात्री कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची जी रांग लागते, ती आपण पाहिली आहे का? मी पाहिली आहे, माझे माहेर तिथे आहे. लोक मोबाइलचे दिवे लावून झाडाखाली शिरतात, तेही नेमके जिथे माद्या बसलेल्या असतात त्या झुडपांवरून. त्या रांगेत आणखी एक शाळेची बस उभी करून मी मुलांना कोणता धडा देणार? आपल्याला नातवंडांना न्यायचे असल्यास अवश्य न्या, पण आडवारी न्या आणि दिवे बंद ठेवा.

आपला एक मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा वाटत नाही. ‘शंभर टक्के’ हे चुकलेच. जुन्या पुस्तकांत असे आकडे असत, पण २००८ साली जपानी संशोधकांनी केलेल्या मोजणीत काजव्याच्या प्रकाशाची कार्यक्षमता सुमारे ४१ टक्के निघाली, म्हणजे ल्युसिफेरिनचे (काजव्याच्या शरीरातल्या प्रकाश देणाऱ्या रसायनाचे) शंभर रेणू खर्ची पडले तर त्यांतून साधारण ४१ प्रकाशकण बाहेर पडतात. लेखात दुरुस्ती केली आहे. प्रकाश थंड असतो, म्हणजे त्याबरोबर उष्णता जवळजवळ निघत नाही, हे विधान तरीही बरोबरच आहे, तेवढे ठेवले आहे.

राहिला अळीचा मुद्दा. काजव्याची अळी गोगलगायी खाते, काही जातींत अळीची अवस्था वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालते आणि प्रौढ काजवा जेमतेम दोनतीन आठवडे जगतो, हे मला माहीत आहे, सर. चार तासिकांत सगळे बसत नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर मुळशीकडच्या गावाहून आलेल्या एका मुलाने काडेपेटीत एक काळपट, चपटी अळी आणली होती. हाताच्या ओंजळीत अंधार करून तो सगळ्यांना तिच्या शेपटीजवळचे दोन हिरवे ठिपके दाखवत होता आणि “बाई, हा पण काजवाच आहे का?” असे विचारत होता. मी हो म्हटले, संध्याकाळी ओल्या मातीत सोडून दे असे सांगितले आणि टॉर्च वाटायला घेतले, कारण तासिका ३५ मिनिटांची असते. तो प्रसंग लेखात दिला नाही, कारण तो ठरलेल्या उपक्रमाचा भाग नव्हता.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. पुढच्या वेळी मात्र खाली नाव लिहावे, ही विनंती.