जीव नका लावू, खोली द्या

नागरिकांमध्ये मैत्री हवी म्हटलं की आपल्याकडे लगेच स्नेहभोजन ठरतं. बडोद्याच्या दांडिया बाजारात तिळगूळ वाटला, झाली बंधुता! गुळाची पोळी मलाही आवडते, पण पोळीनं हे काम होत नाही. त्याचा कडू पुरावा आपल्याच बडोद्यात आहे.

१९१७ साली डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले ते सयाजीराव गादीवर होते, संस्थानात १९०६ पासून सक्तीचं मोफत शिक्षण होतं. तरी राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या दाखवून बाहेर काढल्यावर त्यांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं होतं. मग रात्रीच्या गाडीपर्यंत कामाठी बागेत बसून राहणं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. राजा अनुकूल होता, मित्र होते. अनोळखी माणसाला जागा देणारं गाव तेवढं नव्हतं. १९४८ मध्ये त्यांच्या मसुदा समितीनं संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ घातली, संविधान सभेच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. मला त्यात बडोदा दिसतं.

अमेरिकन विचारवंत डॅनिएल अ‍ॅलन म्हणतात, लोकशाहीत प्रत्येक निर्णयात कुणाला तरी झळ बसतेच. ती सारखी त्याच माणसांना बसली की विश्वास उडतो.

ही झळ कुणाला बसते, ते सोसायटीत नोंदून बघता येतं. सभेच्या इतिवृत्तात ठरावापुढे एक रकाना आखा: गैरसोय कुणाची? पाण्याची वेळ, पार्किंग, गणपतीचा मांडव कुणाच्या दारात. रकाना ज्याला त्रास झाला त्यानंच भरायचा. अध्यक्षांनी भरला तर तो कायम कोरा राहतो. सहा महिन्यांनी सभेत वाचा. एकाच विंगचं नाव दोनदा आलं, तर पुढच्या वेळी पहिली निवड त्यांची. समितीतले निम्मे सभासद दरवर्षी बदला. सगळे एकदम बदलले तर हिशेब कुणाला लागत नाही, कुणीच बदललं नाही तर खजिनदार मालक होतो.

भाड्यानं देण्याच्या अटी आधीच लेखी ठरवा: डिपॉझिट, नोटिशीची मुदत, गाडीची जागा. ‘आमच्यात चालत नाही’ म्हणणाऱ्याकडे कारण लेखी मागा. बहुतेकांचं पेन तिथेच अडतं.

अशांत धारा, म्हणजे गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा, लागू असलेल्या भागात घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते, ते सोसायटीच्या हातात नाही. भाडेकरूला मत नसतं, म्हणून त्याचा त्रासही नोंदला जात नाही. सभेची नोटीस त्याच्या दारावर लावणं मात्र आपल्याच हातात आहे.