व्हिनेगर बदला, पण बाटलीवरचा टक्का वाचून

नागपुरातल्या घरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: "सगळी व्हिनेगरं सारखीच. घरात असेल ते तेवढ्याच मापानं घाला. नसेल तर लिंबू पिळा. लोणच्यालाही चालतं. पैसे वाचवायचे तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणून घरीच पाणी मिसळा." यातलं काही खरं आहे, पण शेवटचे दोन सल्ले धोक्याचे आहेत.

"सगळी सारखीच." आंबटपणा सगळ्यांत अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचाच, हे खरं. पण बाल्सामिक गोडसर आणि काळपट असतं. गोबी मंचुरियनमध्ये ते घातलं तर चव पार बदलते. सुशीसाठी मिळणाऱ्या तयार राइस व्हिनेगरमध्ये साखर-मीठ आधीच असतं. सिरकेवाल्या कांद्याचा गुलाबी रंग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये खुलतो, गडद माल्ट व्हिनेगरमध्ये मळकट दिसतो. शिवाय माल्ट जवापासून होतं, म्हणून ग्लूटेन टाळणाऱ्यांनी ते परस्पर वापरू नये. सॅलडमध्ये पांढऱ्याऐवजी अ‍ॅपल सायडर मात्र खुशाल घाला.

"नसेल तर लिंबू." पनीरसाठी दूध फाडायला, कोशिंबिरीला बेलाशक. चायनीजच्या ठेल्यावर तापलेल्या कढईत व्हिनेगर पडताच नाकात जाणारी वाफ उठते, कारण अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड उडतं. लिंबातलं सायट्रिक अ‍ॅसिड उडत नाही. उकळल्यावर जातो तो लिंबाचा सुवास. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, आणि चाखत चाखत.

"लोणच्यालाही चालतं." इथे माझा ठाम विरोध आहे. तेल-मिठाच्या आपल्या पारंपरिक लोणच्याबद्दल मी बोलत नाही; त्याला भरपूर मीठ सांभाळतं. प्रश्न कमी मिठाच्या, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेल्या मिरच्या, गाजर, लसणाचा आहे. तिथे आम्ल चवीपुरतं नसतं, राखण तेच करतं. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा वाढला की आंबटपणा कमी) ४.६च्या वर गेला आणि बरणीत हवा नसली, की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. अशा बरणीला वास येईलच असं नाही. अमेरिकी पाककृती ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं व्हिनेगर धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे नियमानं किमान ३.७५ टक्के पुरतं आणि दुकानात ४ टक्क्यांच्या बाटल्या सर्रास मिळतात. म्हणजे तेवढंच माप घेतलं तरी आम्ल पाचव्या हिश्श्यानं कमी. त्यात भाजीचं पाणी सुटतं ते वेगळंच. संत्र्याच्या सालींचं घरगुती व्हिनेगर सॅलडला घ्या, पण त्याची तीव्रता मोजलेली नसते, म्हणून टिकाऊ बरणीत नको. व्हिनेगर सौम्य असेल तर त्यात पाणी न घालता मिरच्या थोड्याच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशी बरणी तेव्हा ओट्यावर ठेवायची नाही.

"अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणून पाणी मिसळा." हे करूच नका. ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड जवळपास शुद्ध असतं, व्हिनेगरच्या वीसपट तीव्र. त्यानं त्वचा भाजते, डोळ्यात गेलं तर दृष्टीला इजा होते, चुकून पोटात गेलं तर अन्ननलिका जळते. कारखान्यासाठीचा माल तर खाण्यायोग्य शुद्धतेचा असेलच असं नाही. सिंथेटिक व्हिनेगरही पातळ केलेल्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचंच असतं, पण ते मोजून-तपासून बाटलीत भरलेलं असतं आणि लेबलवर तसं लिहावं लागतं. हा संदेश वाचून कुणी अशी बाटली आणली असेल, तर ती आजच स्वयंपाकघरातून काढा, आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही याची आधी खात्री करा.