हरळीची हजामत

नर्सरीवाल्याची पोरं टेम्पोतून हिरव्या चटया उतरवत होती आणि नर्सरीवाला मला समजावत होता, "बर्म्युडा हाय सर. क्रिकेटच्या मैदानावर हीच असती." आबा ओट्यावर बसून बघत होते. ते उठले, काठी टेकत आले, चटईच्या कडेची एक काडी उपटली, दोन बोटांत धरून मुळाकडून शेंड्याकडं फिरवून बघितली आणि म्हणाले, "हरळी हाय की रं ही."

नर्सरीवाला हसला. मी हसलो नाही, कारण मला संशय होताच. रात्री मोबाईलवर बघितलं. बर्म्युडा म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे दूर्वा, आणि दूर्वा म्हणजे आमच्या औसा तालुक्यातली हरळी. चौरस फुटाच्या भावानं विकत घेतलेली.

ज्यांनी शेती केली नाही त्यांना यातली गोम कळायची नाही. आबांचं निम्मं आयुष्य या हरळीशी भांडण्यात गेलं. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, मग घरातल्या झाडून सगळ्यांनी ओळीनं बसून तिच्या काशा, म्हणजे मातीखाली पसरणाऱ्या दांड्या, वेचायच्या, बांधावर ढीग करायचा आणि पेटवून द्यायचा. दहावीच्या सुट्टीत माझी सगळी दुपार काशा वेचण्यात जायची. एक पेर मातीत राहिलं तरी पहिल्या पावसाला बाई परत हजर. आणि आता त्याच आबांच्या निवृत्त मुख्याध्यापक मुलानं ती लातुरात घरासमोर अंथरून घेतली होती आणि वर पाइपनं पाणी घालत होता.

"पैशे देऊन?" आबांनी एवढंच विचारलं.

पाण्याचं तर बोलूच नका. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी नको म्हणून १४४ कलम लावलेलं हे गाव. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली तेव्हा लोक तिचे फोटो काढत होते. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं पाहुणा आला की आधी त्याच्या हातात कॅन आहे का ते बघायचे. अशा गावात लॉन करणं हे शहाणपणाचं काम नाही, हे मला मान्य आहे. पण वॉशिंग मशीनचं आणि आंघोळीचं पाणी आम्ही तिकडं वळवलंय, आणि अर्धा गुंठाच तर आहे. शिवाय तीस वर्षं शाळेच्या मैदानावरची धूळ खाल्लेल्या माणसाला रिटायर झाल्यावर सकाळी हिरव्यावर अनवाणी चालावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं?

चुकलं ते पुढं. हरळीला रोज पाणी मिळालं की ती काय करते, हे मला तरी माहीत असायला हवं होतं. माळी दोनदा आला, तिसऱ्यांदा फोन उचलेना. हातानं ढकलायचं यंत्र आणलं, त्यानं गवत कमी आणि माझी कंबर जास्त कापली. तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, रोबो घ्या. आपण झोपायचं, तो कापतो."

मग मी व्हिडिओ बघायला लागलो. महिनाभर बघितले. ही कल्पना काही कालची नाही. स्वीडनच्या हस्कवर्ना कंपनीनं १९९५ मध्येच असं स्वतःचं स्वतः हिंडणारं यंत्र विकायला काढलं होतं, तेही सौरऊर्जेवर चालणारं. तिकडच्या व्हिडिओत नवरा-बायको कॉफी पीत बसलेले असतात आणि मागून ते कासवासारखं यंत्र गुपचूप जात असतं. एकात बजावून सांगितलं होतं की रात्री चालवू नका, रात्री हिंडणाऱ्या काटेरी अंगाच्या लहान प्राण्यांना इजा होते. आमच्या गल्लीत रात्री डुकरं हिंडतात. इजा कुणाला होईल याचा मी तेव्हा विचार केला नाही.

यंत्रात दोन जाती. एकीला सगळ्या कडेनं तार पुरावी लागते, तारेत बारीक वीज खेळते आणि तिच्यापाशी आलं की यंत्राला कळतं, शीव आली, मागं वळा. दुसरी जात उपग्रहावर चालते, तिला तार नको, पण उघडं आभाळ हवं. आमच्याकडं एका बाजूला लिंब आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या इंजिनिअरांचे तीन मजले. त्यामुळं आमचं आभाळ दुपारपुरतंच. तारेचंच घ्यायचं ठरलं. मला मिळत होतं त्यातलं सगळ्यात लहान यंत्र तीनशे चौरस मीटरचं, माझी हिरवळ पन्नास चौरस मीटर. एका माणसाची खिचडी टाकायला लग्नातला आचारी बोलावल्यासारखं झालं.

मुंबईच्या विक्रेत्याला विचारलं, बसवायला कोण येणार?

"कुठून बोलताय सर?"

"लातूर."

"लातूर म्हणजे... सोलापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

"तुमच्याकडून पलीकडं."

"मग व्हिडिओ बघा सर. एकदम सोप्पं आहे."

किंमत आबांपासून लपवली होती, पण ती नातवानं फोडली. आबांनी ती लगेच म्हशीत बदलली. "एवढ्यात चांगली दुभती मुऱ्हा येती. गवत तिनंच खाल्लं असतं, वर धारंला चरवी भरली असती. आन तिला तार लागत न्हाई, एक दावं बास."

तार पुरायला आम्हाला दोन दिवस लागले. फाल्गुनातली काळी माती म्हणजे फरशीच, प्लॅस्टिकच्या खुंट्या हातोडीनं मारल्या की मातीऐवजी खुंटीच वाकायची. शेवटी आदल्या रात्री पाणी सोडलं आणि सकाळी खुंट्या मारल्या. खरी अडचण तुळशीची झाली. वृंदावन बरोबर मध्यात. यंत्रानं तिथं धडकू नये म्हणून तार कडेपासून तुळशीपर्यंत न्यायची, तिच्याभोवती फिरवायची आणि गेली त्याच वाटेनं, गेलेल्या तारेला अगदी चिकटून, परत आणायची. दोन्ही तारा चिकटून असल्या की एकीचा इशारा दुसरी मारते आणि यंत्र त्यावरून बिनधास्त जातं. हे मी पुस्तिका वाचून हिला समजावत होतो. तार कुठल्या अंगानं फिरवायची याचा बाणही दाखवला होता. ही म्हणाली, "बाण कशाला बघायचा? प्रदक्षिणा उजवीच घालतात." बाणही उजवाच निघाला. त्या दिवसापासून यंत्राच्या बाबतीत घरात माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही.

नारळ फुटला, कुंकू लागलं, बटण दाबलं. यंत्र आपल्या खोपटातून, म्हणजे चार्जिंगच्या जागेतून, मागं मागं सरकत बाहेर आलं, वळलं आणि निघालं. मिक्सरपेक्षाही कमी आवाज. खाली फिरत्या चकतीला दाढीच्या पात्यासारखी तीन छोटी पाती. गवताचा नुसता शेंडा उडतो, भुगा तिथंच पडतो आणि त्याचंच खत होतं. तारेपाशी गेलं, थबकलं, तोंड फिरवून भलत्याच दिशेला गेलं. परत तार, परत भलतीकडं. मी आबांना सांगितलं, ते असंच कसंही हिंडतं, हिंडता हिंडता सगळं कापून होतं.

आबांनी तासभर बघितलं. चाळीस वर्षं बैलामागं सरळ तास, म्हणजे नांगराची ओळ, धरलेला माणूस. "ह्याला तास धरता येत न्हाई," ते म्हणाले. "पिलेल्या सालगड्यावाणी करायलंय."

तेव्हापासून त्याचं नाव सालगडी पडलं.

सालगड्याचे गुण पुढं एकेक दिसायला लागले. पहिला गुण, लाईट. चैत्रात दुपारी लाईट गेली आणि हा हिरवळीच्या मधोमध उभा. बॅटरी भरलेली, पात्याला धार, पण जागचा हलेना. आबांनी काठीनं हळूच ढोसलं.

"पोटात भाकर हाय, अंगात बळ हाय, मग कामून हुबं ऱ्हायलंय?"

"आबा, लाईट गेली की तारेतला इशारा बंद होतो. शीव कुठंय ते त्याला कळत नाही, म्हणून थांबतं."

आबा खुलले. "म्हंजी मालक बांधावर न्हाई म्हणून बसलंय. मग बरूबर हाय. आपला बी असाच करायचा."

दुसरं म्हणजे भेगा. आंघोळीचं पाणी कडेपर्यंत पोचत नव्हतं आणि वैशाखात कडेची जमीन अशी तडकली की पोराचा पाय जाईल. एका भेगेनं तार ताणून तोडली. यंत्राच्या पडद्यावर सिग्नल नाही, सिग्नल नाही. तुटलेली जागा शोधायला मी आणि नातू रेडिओ घेऊन गुडघ्यावर रांगत सगळी कड फिरलो, कारण व्हिडिओत एकानं तसं सांगितलं होतं. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी सोयाबीनचा सल्ला लागला होता, तो मात्र पूर्ण ऐकून झाला. तार आबांनी शोधली. भेगेत बोट घालून.

तिसरा प्रसंग रात्रीचा, आणि तो मला अजून खुपतो. चोरी होऊ नये म्हणून या यंत्राला चार आकडी पिन असते. कुणी उचललं की ते बोंबलतं, आणि आकडा घातल्याशिवाय गप्प होत नाही. मी इतिहासाचा मास्तर. मी आकडा ठेवला होता १९४८. रात्री दोनला फाटक उघडं राहिलं, डुक्कर आत आलं आणि त्यानं नाकाडानं सालगड्याला उलथून टाकलं. असा भोंगा वाजायला लागला की मशिदीच्या गल्लीपर्यंतचे दिवे लागले. मी बनियनवर धावलो आणि १९४७ दाबलं. चूक. परत १९४७. चूक. इंजिनिअर गॅलरीतून ओरडले, "सर, आकडा आठवा!" देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला, पण निजामाचा मराठवाडा तेरा महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ ला, हे मी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात घातलं होतं. एका पोरानं विसरलं तर मी त्याला बाकावर उभं करायचो. त्या रात्री गल्लीतले माझे दोन माजी विद्यार्थीही गॅलरीत उभे होते. (आकडा आता बदललाय. कुणी त्रास घेऊ नये.)

पावसाळा बरा गेला. सालगडी रोज हिंडायचा, पाऊस आला की खोपटात जाऊन बसायचा, हिरवळ अशी झाली की पाहुणे फोटो काढायचे. मी खुर्ची टाकून चहा प्यायचो, व्हिडिओतल्यासारखा. मग गणपती आले.

"एकवीस जुड्या करायच्यात, दूर्वा आणा," ही म्हणाली. मी परडी घेऊन ऐटीत अंगणात गेलो. अर्धा गुंठा दूर्वा समोर पसरलेली, आणि तीत एकसुद्धा दूर्वा नाही. तीन पानांचा कोवळा तुरा म्हणजे दूर्वा, आणि तो तुरा तर सालगडी रोज सकाळी उडवत होता. हजामत केलेल्या डोक्यावर शेंडी शोधण्यातला प्रकार. तुळशीच्या बुडाशी, जिथं यंत्र जात नाही, तिथं सात निघाल्या. मग मी गंजगोलाईच्या बाजारात गेलो आणि दूर्वा विकत आणल्या. परत आलो तर दारात शेजारच्या दोन काकू परड्या घेऊन उभ्या. "सर, तुमच्याकडं भरपूर असतील म्हणून आलो." आबांनी मागच्या खेपेसारखंच विचारलं, "पैशे देऊन?"

यंदा हिनं आधीच वटहुकूम काढला. नागपंचमीला काही कापायचं, खणायचं नसतं म्हणून यंत्र एक दिवस बंद ठेवलं, ते गौरी-गणपती होईपर्यंत चालू करायचं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आबांनी त्याच्या टपावर हळद-लोणी चोळलं आणि नातवाला हसवायला त्याच्या कानात, म्हणजे जिथं बटण आहे तिथं, सांगितलं, "आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा तुकडा टपावर ठेवला, तो मुंग्यांनी खाल्ला. गणपतीला आख्ख्या गल्लीला दूर्वा पुरल्या.

अनंत चतुर्दशीनंतर बटण दाबलं. सालगडी बाहेर आला, वीतभर गवतात चार हात गेला, अडकला आणि पडद्यावर लाल दिवा लावून बसला. पुस्तिकेत होतंच, गवत फार वाढलं असेल तर आधी दुसऱ्या साधनानं कापून घ्या. दुसरं साधन ओट्यावर बसलं होतं. आबांनी विळा मागितला, गोणपाट अंथरलं आणि दोन सकाळींत अर्धा गुंठा सरळ ओळीत कापून काढला. भारे गल्लीच्या तोंडाशी गवळ्याला दिले, त्याच्याकडून तांब्याभर दूध आलं. आबांनी तो तांब्या मुद्दाम यंत्राच्या शेजारी ठेवला.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरांच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. त्यांनी भिंतीलगत मेथीचा वाफा केलाय. "सर, राग मानू नका, पण तुमचं लॉन आमच्या मेथीत आलंय."

मी जाऊन बघितलं. तारेखालून, भिंतीखालून, फरशीच्या फटीतून काशा पलीकडं गेल्या होत्या आणि मेथीत ऐसपैस बसल्या होत्या. मी वहिनींना काही बोलायच्या आत आबा मागून आले. काठी नव्हती हातात, खुरपं होतं. इतकं चपळ मी त्यांना दोन वर्षांत बघितलं नव्हतं. वाफ्यात बसले, खुरप्यानं माती उकरली, एक लांबलचक काशी न तोडता ओढून काढली आणि उन्हात धरून बघितली.

"बाबू, टोपलं आण," ते म्हणाले. "आन बस हिकडून. पेर ठिवायचं न्हाई."

मी टोपलं घेऊन शेजाऱ्यांच्या मेथीत उकिडवा बसलो. भिंतीपलीकडं सालगडी चालू होता. वहिनींनी चहा आणला तेव्हा आमचं टोपलं निम्मं भरलं होतं.