हाद रिनला जायचंय, पण मांद्र्याची माणसं म्हणून

गेले पंधरा दिवस घरात एकच विषय चाललाय, जुलैत थायलंडला जायचं आणि कोह फांगान बेटावर हाद रिनच्या किनाऱ्याला होणारी ती रात्रभराची फुल मून पार्टी बघायची. माझी भाची, तिच्या तीन मैत्रिणी, भाऊ, वहिनी आणि मी, सात जण. आम्ही गोव्यातल्या मांद्र्याची, भावाचा शॅक आहे, म्हणजे किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल, तो ३१ मेपर्यंत उतरवायचा आणि मग पाऊस संपेपर्यंत आम्ही मोकळेच, म्हणजे आम्हाला फिरायला मिळतं ते हे असं पावसाळ्यात. नशिबाने आपल्याकडे धो धो पडतो तेव्हा तिकडे हवा बरी असते, त्या बेटांवरचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यामुळे नोव्हेंबरचं स्वस्त पॅकेज दिसलं म्हणून लगेच पैसे भरू नका.

तारीख काढायला कालनिर्णयच घेऊन बसलो. ऑगस्टची पौर्णिमा बहुतेक नारळी, त्या दिवशी दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्या घरचं कोणी गाव सोडत नाही, आई ऐकणारच नाही, म्हणून आषाढातली धरली. तर ती गुरुपौर्णिमा, आणि तिकडे त्याच सुमाराला आसाळ्ह बूचा, बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाचा दिवस, आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे आपल्या चातुर्मासासारखंच. असा सण आला की पार्टी पौर्णिमेला होत नाही, पुढे-मागे सरकवतात. माघ आणि वैशाखाच्या पौर्णिमेलाही तेच. भावाच्या ओळखीच्या एकाला एजंटने चंद्र बघून तारीख दिली, रूम बुक केली, पैसे भरले आणि पार्टी निघाली नंतर! म्हणून आधी पार्टीची जाहीर झालेली तारीख बघा, मग विमान. आणि पार्टीच्या दिवसांत हाद रिनला एक रात्र खोली सहसा देत नाहीत, तीन-चार-पाच रात्री घ्याव्याच लागतात, तो खर्च आधीच धरा.

प्रवासाचं सांगते. फांगानवर विमानतळ नाही. जवळचा कोह सामुईचा, तो एका खाजगी विमान कंपनीचा आणि तिकीट महाग, म्हणून आम्ही बँकॉकहून रात्रीच्या ट्रेनने सुरत थानीला उतरणार, तिथून बसने डोनसाक धक्का आणि मग फेरी. हे सुरत थानी नाव आपल्या गुजरातच्या सुरतेवरूनच, १९१५ मध्ये तिकडच्या राजाने दिलेलं, आणि तिथल्या नदीचं नाव तापी! मला हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं, आईलाही सांगितलं, ती लगेच म्हणाली मग परका मुलूख नाही तो. जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येतं असा नियम आला होता, पण हे बदलत असतं, तिकीट काढायच्या दिवशी परत बघा. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्डही पोचायच्या आधी तीन दिवसांत भरायचंय.

आता मला जे खरं बोलायचंय ते. मुलींचं सगळं प्लॅनिंग रात्रीचं चाललंय, अंगावरचा निऑन रंग कुठला, कपडे कुठले, कुठल्या बारसमोर कुठलं म्युझिक. माझं म्हणणं, पहाटे चारनंतरचं प्लॅनिंग करा. हे मी घाबरवायला बोलत नाही. मांद्र्याला आमच्या चार खोल्या आहेत, वीस वर्षं भाड्याने देतोय, आणि पार्टीची दुसरी सकाळ मी अंगणातून बघितलीय. एका जानेवारीत पहाटे एक पोरगा फाटकाशी उभा, फोन हरवलेला, आपण कुठल्या गावात उतरलोय तेही आठवेना, थंडीने कुडकुडत होता. आईने त्याला चादर दिली, पेज दिली, दुपारी त्याचे मित्र शोधत आले तेव्हा तो ओसरीवर झोपलेला. मित्रांनीच त्याला मागे सोडलं होतं, त्याचा मला अजून राग येतो. म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात कागद असणार, खोलीचं नाव थाई अक्षरांत, गटातले दोन नंबर. आणि दोघं जण दारूला हात लावणार नाहीत, आलटून-पालटून नाही, रात्रभर तेच दोघं. भाऊ आणि मी. भाची म्हणाली मावशी तू बोअर करतेस, म्हटलं कर बोअर, पण मी तुला मोजूनच परत आणणार.

तिकडे प्लास्टिकच्या बादलीत दारू, कोला आणि एनर्जी ड्रिंक एकत्र करून देतात, चार स्ट्रॉ घालून. किती प्यायलो ते कळतच नाही, आपली बादली आपल्याच हातात ठेवायची. पेटत्या दोरीवरून उड्या मारायचा खेळ असतो, पाय भाजून घेतात लोक, त्याच्या जवळ जायचं नाही. आणि रात्री पाण्यात अजिबात नाही. पाण्याची ओढ काय असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको, दर पावसाळ्यात बघतो.

स्कूटरही नाही. थाँग साला, म्हणजे फांगानचा मुख्य धक्का, तिथून हाद रिनचा रस्ता उभ्या चढ-उताराचा आहे, इंटरनॅशनल परमिट नसेल तर विमा कंपनी हात वर करते, आणि पार्टीच्या रात्री त्या रस्त्यावर प्यायलेले किती असतील विचार करा. पैसे जास्त गेले तरी चालत जाता येईल अशीच खोली घ्यायची. सामुईला राहून स्पीडबोटने ये-जा करायचा विचार होता तो मीच मोडला. २००५ च्या जानेवारीत पार्टीहून परतणारी खचाखच भरलेली बोट उलटून माणसं गेली होती. गोळ्या-पावडरींचं तर नावच नको, आणि व्हेपसुद्धा तिकडे बेकायदा आहे.

बूट घालायचे, चप्पल नको, वाळूत काचा असतात. हे लिहिताना मला काकाचा पाय आठवतो. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढताना बाटलीची काच घुसली, सात टाके, पूर्ण महिना घरी, भर सीझनमध्ये. बाटली कोणाची होती कोणाला माहीत, आला, नाचला, गेला. मोरजी-मांद्र्याला कासवं अंडी घालायला येतात, त्याच वाळूत सकाळी आम्ही बाटल्या वेचतो. मग आपण दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन तेच करायचं का? हाद रिनलाही कोणाचा तरी काका असेलच ना. मुलींना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या आणि मग एक जण आपणहून म्हणाली, आपला कचरा आपण पिशवीत घालून खोलीवर नेऊ. मोठ्या पिशव्या म्हापशाहून आणल्यात.

आणि मी का जातेय, तर हाद रिनचा मोठा किनारा पूर्वेकडे आहे. आपण जन्मभर सूर्य दर्यात बुडताना बघितला, पौर्णिमेचा चंद्रही आपल्याला माडांच्या मागून, डोंगरावरून येताना दिसतो. तिकडे संध्याकाळी चंद्र पाण्यातून वर येतो आणि सकाळी सूर्यही तिथूनच. पहाटे पाच वाजता सगळ्यांनी एकाच ठिकाणी जमायचं ठरलंय, जागा गेल्यावर ठरवू, पोरींनी हो म्हटलंय, वहिनी थर्मासमध्ये चहा आणणार आहे.

कोणी जुलैत डोनसाकहून फेरीने गेलं असेल तर सांगा, वहिनीला बोट लागते.