रिकामी न करता दुरुस्ती

आमच्या बिल्डिंगचा स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आणि माझा ब्लड रिपोर्ट एकाच दिवशी आले, आणि दोन्ही आले नवऱ्याच्या फोनवर, कारण सोसायटीचा सेक्रेटरी तोच आणि माझ्या टेस्ट बुक करणाराही तोच. बिल्डिंग ठाण्याच्या नौपाड्यातली, ३० वर्षं कधीच उलटलेली, मी ४८ची. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला आणि "क्रॅक्स आहेत, लीकेज आहे, पण पिलर तसे ठीक आहेत" असं वाचायला सुरुवात केली, तेव्हा हे नेमकं कोणाबद्दल चाललंय ते मला खरंच कळेना.

झालं असं की जानेवारीपासून मला रात्री तीनला जाग यायला लागली. नुसती जाग असती तर चाललं असतं हो, पण छातीपासून कानापर्यंत कोणीतरी आतून शेगडी मोठी केल्यासारखं व्हायचं, मग मी पांघरूण लाथाडणार, पंखा पाचवर करणार, नवरा कुडकुडत उठून दोनवर आणणार, मी परत पाचवर, आणि तो रेग्युलेटर बिचारा आमच्या भांडणात झिजला. ठाण्यात जी काय आठ-दहा दिवस थंडी पडते, जिच्यासाठी आपण वर्षभर स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून जपतो, ती माझी अख्खी वाया गेली. पाळी तीन महिने बेपत्ता, मग आली ती पाहुण्यांसारखी आठ-नऊ दिवस मुक्कामाला, मग परत गायब. त्यात वाण्याच्या दुकानात मला तूरडाळ हा शब्द आठवेना. "ती... पिवळी... आपण रोज खातो ती," म्हणाले. वाण्याने बेसन दिलं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून चार टेस्ट लिहून दिल्या. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, टीएसएच म्हणजे थायरॉइडची, शुगर, आणि लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल. मी घरून वाचून गेलेले, म्हटलं मेनोपॉज बघायचा तर एफएसएच हे हार्मोन मोजायला नको का? तर म्हणाल्या, "पंचेचाळिशीच्या पुढे त्याची गरज नसते, लक्षणं आणि कॅलेंडर पुरतं." आता मला सांगा, कन्सल्टेशनची फी घेऊन कोणी आपल्याला कॅलेंडर बघा म्हणालं तर विश्वास बसेल का?

आणि तिकडे नवऱ्याने शोधून काढलं की चार टेस्टच्या पैशात थोडीशीच भर घातली तर ८४ टेस्टचं पॅकेज मिळतं, वर जोडीने केलं तर डिस्काउंट. हा माणूस वाणसामान भरतानाही असाच वागतो, एक साबण आणायला जातो आणि बारा घेऊन येतो.

सकाळी साडेसहाला एक मुलगा आला बॅग घेऊन. रात्रीपासून उपाशी, त्यात चहा नाही, म्हणजे मी कोणत्या मूडमध्ये होते ते समजून घ्या. नवऱ्याला म्हणाला, "सर, हात द्या." मला म्हणाला, "काकू, मूठ घट्ट वळा." सुईचं मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते.

रिपोर्ट २२ पानांचा. पहिल्या पानावर माणसाचं चित्र, आत हिरवे-लाल अवयव, पुढे आकडे, आकड्यांच्या बाजूला लाल अक्षरात एच नाहीतर एल. एफएसएच ५८.४. बाजूला एक नाही, चार रेंज. पाळीच्या पहिल्या भागात असाल तर ३.५ ते १२.५, मधल्या दिवसात ४.७ ते २१.५, नंतर १.७ ते ७.७, आणि पाळी कायमची गेली असेल तर २५.८ ते १३४.८. यातली आपली ओळ कुठली ते आपणच ओळखायचं. अरे, फेज कुठली ते मला माहीत असतं तर रक्त कशाला दिलं असतं? आणि २५ ते १३४ ही काय रेंज झाली, एवढी रेंज मी फक्त घोडबंदर रोडवर बघितलीय, घरी पोचायला पंचवीस मिनिटं ते सव्वादोन तास.

मग आकडा मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, ही माझीच चूक. माझं इस्ट्राडिओल, म्हणजे ओव्हरीतलं इस्ट्रोजेन, २८, एकीने तिच्या लंडनच्या नणंदेचं सांगितलं ३००. दुपारभर मला वाळून गेल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी कोणीतरी कळवलं की तिकडे माप वेगळं असतं, ३.६७ ने भागायचं. भागलं तर नणंद ८२ वर आली. तरी पुढेच होती, पण निदान आवाक्यात. तोवर अळशी खा, मेथी भिजव, शतावरी घे, दूध बंद कर, दूध चालू कर, सगळं येऊन गेलं होतं.

पण खरी घाबरगुंडी टीएसएचने उडवली. ०.२, लाल एल, आणि त्याच्याच खाली टी-४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, लाल एच. लेकीने फोनवर शोधून जाहीर केलं की हे हायपरथायरॉइड, आणि माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "आई, तुझे डोळे जरा बाहेर आलेत का गं?" गरम होणं, धडधड, झोप उडणं, चिडचिड, सगळं मेनोपॉज आणि थायरॉइड दोन्हीकडे सारखंच लिहिलेलं. मी दोन दिवस आरशासमोर डोळे मोजत होते.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई." मग जरा वेळाने, वाटाणे सोलता सोलता, "मी दोन वर्षं ओट्याजवळ फरशीवर झोपायचे, पण ते आपलं गरम व्हायचं म्हणून."

डॉक्टरबाईंनी २२ पानं पत्ते पिसावे तशी चाळली. म्हणाल्या, नॉर्मल रेंज म्हणजे काय, तर धडधाकट माणसांतले मधले ९५ टक्के. म्हणजे ठणठणीत माणसांतही शंभरातली पाच रेंजच्या बाहेर पडणारच. ८४ टेस्ट केल्या तर काहीही झालेलं नसताना चारेक ठिकाणी लाल अक्षर यायचंच. मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, बहुतेक लीकेज.

एफएसएचचं त्यांनी असं सांगितलं की ते मेंदूतल्या पिट्युटरीतून निघतं आणि ओव्हरीला सांगतं की कामाला लाग. ओव्हरी ऐकेनाशी झाली की पिट्युटरी आवाज चढवते. म्हणजे मी लेकीला जेवायला बोलावते तेच हे! पहिल्यांदा "बाळा, ये गं", मग नाव, मग आडनावासकट पूर्ण नाव. ५८ म्हणजे आडनावासकट. पण या वयात एखाद्या महिन्यात ओव्हरी पहिल्याच हाकेला उठून येते आणि मग तोच आकडा ९ सुद्धा दिसतो. म्हणून तो एकदा मोजून काही ठरत नाही, चार टेस्टमध्ये लिहिलाच नव्हता तो त्यासाठीच. हे त्यांनी न रागावता सांगितलं, ते जास्त लागलं.

मग टीएसएच बघून एकदम विचारलं, "केसांसाठी काही घेता का?"

आता केस गळत होते म्हणून मी ऑनलाइन गमीज मागवलेल्या, स्ट्रॉबेरी चवीच्या, रोज दोन, आणि खरं सांगायचं तर तीन. औषध म्हणून सांगायचं डोक्यातही आलं नव्हतं, गोळ्या-बिस्किटांत मोडतात त्या. तर त्यात बायोटिन असतं, आणि थायरॉइड मोजणाऱ्या काही मशिनींमध्येही बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त झालं की मशीन फसतं, टीएसएच खोटं कमी दाखवतं आणि टी-४ खोटं जास्त. गमीज थांबवून आठवड्याने परत रक्त दिलं. टीएसएच २.१. लेक म्हणाली, डोळे पण आत गेलेत.

सगळंच खोटं होतं असं मात्र नाही. ड जीवनसत्त्व ११ होतं (ठाण्याच्या उन्हात राहून!), त्यासाठी आठवड्याला ६० हजार युनिटची पुडी दुधातून. त्या आठ-नऊ दिवसांच्या मुक्कामाने हिमोग्लोबिन १०च्या घरात आणलेलं, म्हणून लोहाच्या गोळ्या. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं, ते इस्ट्रोजेन उतरलं की वाढतं म्हणे, इथे मात्र बाई हसल्या नाहीत, चालायला लावलंय. आता रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या, पाणीपुरीच्या गाड्यांकडे पाठ करून.

बाकी त्यांचं उत्तर तेच, कॅलेंडर. सलग १२ महिने पाळी नाही तर मेनोपॉज, मध्ये आली की मोजणी परत शून्यापासून. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी फेब्रुवारीपासून दर महिन्याला पेनाने बारीक फुली मारत आले, नवऱ्याला वाटायचं दुधाचा हिशोब आहे. आठ फुल्या झाल्या आणि पाळी नेमकी नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या आधी हजर. सापशिडीत नव्व्याण्णववरून गिळतो ना, तसं.

ठाण्यात जुन्या बिल्डिंगांचे महापालिका वर्ग करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. आमची सी-२-बी निघाली. नवरा त्या रात्री दोन्ही फायली मिटवून म्हणाला, "तू पण सी-२-बीच आहेस." त्याच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये लाल एच सात होते, माझे पाच, पण त्याला कोणी वर्ग दिला नाही. तो रात्री झोपतो ना.

परवा तीनला परत तेच. या वेळी पंख्याच्या भानगडीत न पडता मी उशी घेतली आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळ फरशीवर जाऊन आडवी झाले. जरा बरं वाटतंय तोवर दिवा लागला. सासूबाई पाणी प्यायला आलेल्या. माझ्याकडे बघून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. पेला विसळून पालथा घातला आणि म्हणाल्या, "तिथे नको गं, इकडे सरक, बाल्कनीच्या दाराशी. तिथे खालून वारा लागतो."

लागतो खरा.